कानामात्राबाई आणि तीन फुटांची काठी

आमच्या कचेरीत त्यांना तोंडावर सगळे ताई म्हणायचे आणि पाठीमागे कानामात्रा. हे दुसरं नाव मीच ठेवलं होतं, हे आधीच कबूल करतो. पुढे याहून मोठं कबूल करायचं आहे, तेव्हा सुरुवात लहान गोष्टीने झालेली बरी.

कचेरी हरवलेल्या वस्तूंची. शहरभरच्या बसगाड्यांत लोक जे जे विसरतात ते आमच्याकडे येतं. छत्र्या, डबे, चष्मे, एकेकटे बूट, एकदा तर चक्क शिडी. शिडी घेऊन बसमध्ये चढलेला माणूस ती विसरून उतरतो कसा, यावर आम्ही आठवडाभर वाद घातला होता. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक, एक फडताळ आणि संगणकात एक नोंद. मालक आला, त्याने ओळख पटवली, की काउंटरवरून 'परत दिली' अशी नोंद व्हायची आणि त्याच्या फोनवर आपोआप निरोप जायचा. हा सगळा कारभार मी एकट्याने उभा केला होता. मला त्याचा अभिमान होता असं म्हणणं फार मवाळ होईल. मी त्याबद्दल अनोळखी माणसांनाही सांगायचो.

काम वाढलं तसं साहेबांनी मला मदतीला माणूस द्यायचं ठरवलं. मला वाटलं, नुकतंच शिकून बाहेर पडलेलं कोणी येईल, मी बोललो की मान डोलावेल. आल्या त्या सेहेचाळीस वर्षांच्या बाई. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत डबा, लाल पेन आणि एक फूटपट्टी.

बावीस वर्षं त्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होत्या. म्हणजे छपाईआधी मजकूर वाचायचा आणि चुका काढायच्या. छापखाना बंद पडला तेव्हा त्यांच्या नणंदेने त्यांना घरी बसू दिलं नाही. नणंद संगणकाचे वर्ग चालवायची. तिने विद्यार्थ्यांना वाटायच्या टिपणांचा गठ्ठा वहिनीपुढे टाकला आणि म्हणाली, "वहिनी, एवढं तपासून दे गं." वहिनीने तपासायला घेतलं. पण अर्थ कळल्याशिवाय चूक कशी काढणार? म्हणून ओळ न् ओळ समजून घेतली. सहा महिन्यांनी टिपणं शुद्ध झाली होती आणि वहिनीला जावा ही संगणकाची भाषा येत होती. नणंदेने कपाळावर हात मारला आणि तिला परीक्षेला बसवलं. पुढची दोन वर्षं ताईंनी त्याच वर्गात शिकवलं आणि मग आमच्याकडे अर्ज टाकला.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या प्रोग्रॅमची फाईल छापून मागितली.

"पडद्यावर दिसतंय की सगळं," मी म्हटलं.

"पडद्यावर डोळा सरकतो हो. कागदावर थांबतो."

मी छापून दिली. चौऱ्याऐंशी पानं निघाली. त्यांनी फूटपट्टी पहिल्या ओळीखाली ठेवली आणि पुटपुटत वाचायला सुरुवात केली. "महिरपी कंस सुरू... अर्धविराम... अवतरण पूर्ण..." शेजारच्या टेबलावर बसून हे ऐकणं म्हणजे शिक्षा होती. त्यात मी जिथे जिथे मराठीत सूचना लिहिल्या होत्या तिथे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवर लाल गोल पडत होते. दुपारपर्यंत मी त्यांचं बारसं उरकलं: कानामात्रा.

आता त्या फायलीबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण सगळी गंमत तिथेच आहे. आम्ही लिहायचो जावात. नोंदी असायच्या डेटाबेसमध्ये, आणि त्याची भाषा वेगळी. दोघांच्या मध्ये दुभाषी म्हणून मायबॅटिस नावाची एक तयार व्यवस्था होती. ("माय कुणाची?" ताईंनी नाव ऐकल्या ऐकल्या विचारलं.) डेटाबेसला सांगायची वाक्यं एका फायलीत लिहून ठेवायची आणि माणसाने टाइप केलेला मजकूर जिथे यायचा तिथे खूण करून जागा सोडायची. ही खूण दोन प्रकारांनी करता येते. महिरपी कंसाआधी हॅशचं चिन्ह (#) घाला, नाहीतर डॉलरचं ($).

तिसऱ्या आठवड्यात ताई एक पान घेऊन माझ्याकडे आल्या.

"इथे सगळीकडे हॅश आहे. या अकरा ठिकाणी डॉलर का?"

"दोन्ही चालतं."

"दोन्ही चालत असेल तर दोन चिन्हं कशाला केली असतील त्यांनी?"

"ताई, तीन वर्षं चालतंय ते. हात लावू नका."

त्यांनी पान परत नेलं. खरं सांगायचं तर डॉलर का, हे मला आठवत होतं. फार पूर्वी एकदा यादी तारखेनुसार लावायची होती. हॅश घातला तर यादी लागेना, डॉलर घातला तर झटक्यात लागली. मी खूश. तेव्हापासून काही अडलं की डॉलर घालायची सवय जडली होती. कारण मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं म्हणायची मला सवय नव्हती.

आता काउंटरवाल्या काकांकडे वळू. काका आमच्याकडे यायच्या आधी सुतारकाम करायचे. हातात आलेली कोणतीही वस्तू मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. खिशात घडीचा टेप, आणि नोंदीत वस्तूची लांबी-रुंदी. छत्रीची समजू शकतो. काकांनी एकदा एका लोकरी टोपीची उंची लिहिली होती.

पुढे महिन्याभराने एका मंगळवारी सकाळी एक निवृत्त शिक्षक आपली काठी न्यायला आले. काकांनी काठी मोजली, त्यांना दिली, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: काठी, लांबी ३' -- मालकाने ओळखून नेली. तीनपुढे फुटाची खूण, मग दोन आडव्या रेघा. सुतार जसं लिहितो तसं. बटण दाबलं, आजोबांना नमस्कार केला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

पुढचा माणूस एक हिरवी पिशवी शोधत होता. काकांनी पिशवी शोधली. पडद्यावर आलं, परत दिली. "तुम्ही नेलीत की," काका म्हणाले. "मी कधी नेली?" तो म्हणाला. काकांनी आत जाऊन बघितलं तर पिशवी फडताळावर लोंबत होती. मग त्यांनी सहज दुसरी वस्तू बघितली. परत दिली. तिसरी, परत दिली. आमचं गोदाम छतापर्यंत भरलेलं होतं आणि संगणकाच्या हिशेबी त्यात एक रुमालसुद्धा उरला नव्हता. एवढंच नाही, तर प्रत्येक वस्तूपुढचा जुना शेरा जाऊन तिथे एकच मजकूर आला होता: काठी, लांबी ३.

छत्री? काठी, लांबी ३. डबा? काठी, लांबी ३. शिडीसुद्धा.

माझी पाचावर धारण बसली. पण खरा गोंधळ अजून व्हायचाच होता. दर अर्ध्या तासाने निरोप पाठवणारा प्रोग्रॅम आपल्या वेळेवर उठला, त्याला हजारो वस्तू नव्याने परत गेलेल्या दिसल्या, आणि ज्यांनी ज्यांनी आमच्याकडे फोन नंबर दिला होता त्या सहाशेहून जास्त लोकांना त्याने प्रामाणिकपणे कळवलं: आपली वस्तू (काठी, लांबी ३) आपल्याला मिळाली आहे. आभारी आहोत.

बारा वाजेपर्यंत दारात झुंबड उडाली. एका आजींची कवळी हरवली होती. त्यांनी फोन काकांच्या नाकापुढे धरला आणि तोंडावर पदर घेऊन विचारलं, "माझ्या दातांची काठी कशी केलीत?" एक जण तर काहीच हरवलं नसताना आला होता. नंबर बायकोने दिला असेल, पण आता काठी मिळतेच आहे तर घेऊन जावी, असं त्याचं म्हणणं.

साहेबांनी दार लावून आम्हाला आत बोलावलं. साहेब चांगला माणूस, पण त्यांना संगणकाची भीती वाटायची आणि भीती वाटली की त्यांचा आवाज चढायचा.

"हा हल्ला आहे. बाहेरून कुणीतरी केलाय."

"शक्यता आहे," मी म्हटलं. मला ही शक्यता फार आवडली होती.

ताई कोपऱ्यात उभ्या होत्या. "डेटाबेसला शेवटी नेमकं कोणतं वाक्य गेलं, ते कुठे बघायला मिळतं का?"

मिळत होतं. आमच्या सर्व्हरवर प्रत्येक वाक्याची नोंद राहायची. मी काढून दिलं. ताईंनी ते छापून घेतलं, फूटपट्टी ठेवली आणि नेहमीच्या पद्धतीने मोठ्याने वाचायला लागल्या. वस्तूच्या नोंदीत बदल करा. स्थिती, परत. शेरा, "एकेरी अवतरण सुरू. काठी. स्वल्पविराम. लांबी तीन. एकेरी अवतरण पूर्ण."

"पूर्ण कुठे?" मी म्हटलं. "शेरा तर पुढे आहे अजून."

"काकांच्या मनात आहे पुढे. कागदावर इथे संपला. फुटाची खूण आणि एकेरी अवतरण, टाइप करताना एकच चिन्ह ना?" त्यांनी पट्टी सरकवली. "मग दोन संयोगचिन्हं. आणि पुढे सगळं... दोन आडव्या रेघांचा या भाषेत अर्थ काय होतो?"

अर्थ मला पाठ होता. दोन रेघा आल्या की त्या ओळीतला पुढचा मजकूर डेटाबेस वाचतच नाही, ती टीप समजून सोडून देतो. आणि पुढच्या मजकुरात काय होतं? मालकाने ओळखून नेली, हे होतं. आणि त्याच्यामागे माझं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य होतं: हा बदल फक्त अमुक क्रमांकाच्या वस्तूला लागू. अख्खं वाक्य एका ओळीत बसवायची मला हौस. तोडून दोन ओळींत लिहिलं असतं तरी निभावलं असतं.

"म्हणजे काठी कुठली ते सांगायचं राहूनच गेलं," ताई म्हणाल्या. "मग त्याने सगळ्यांचीच काठी केली."

साहेबांना यातलं एवढंच कळलं की काकांनी फुटाची खूण टाइप केली. "काकांना लेखी समज द्या," ते मला म्हणाले. "आणि परिपत्रक काढा. यापुढे कोणीही फुटाचं चिन्ह वापरू नये. इंचाचंही नको, उगाच धोका कशाला."

काकांचा चेहरा पडला. "मी फक्त काठी मोजली हो."

आणि मी? मी गप्प बसलो. हे लिहिताना अजून कानशिलं तापतात. तोंड उघडायला मला चांगली संधी होती आणि मी ती पाणी प्यायला वापरली.

दुपार नोंदी सावरण्यात गेली. पहाटे काढून ठेवलेली प्रत होती, ती परत चढवली. सकाळपासूनच्या एकतीस नोंदी तेवढ्या गेल्या होत्या. त्या मिळाल्या काकांच्या कागदी वहीत. काका सगळं दोनदा लिहायचे, एकदा संगणकात आणि एकदा वहीत, आणि त्यावरून मी त्यांची चेष्टा करायचो. काका एकेक नोंद वाचत होते, मी टाइप करत होतो. "छत्री, निळी, अडीच फूट," ते म्हणायचे आणि मग चाचरून विचारायचे, "फूट अक्षरात लिहू ना?"

साडेचारला मी परिपत्रकाचा मसुदा ताईंच्या टेबलावर ठेवला. नजर न मिळवता म्हटलं, "जरा शुद्धलेखन बघता?"

पंधरा मिनिटांनी त्या कागद घेऊन आल्या आणि माझ्या समोरची खुर्ची ओढून बसल्या.

"यात सात चुका होत्या. त्या मी काढल्या. आठवी तुमची आहे, ती तुम्ही काढा."

मी कागद उलटा करून ठेवला.

"तुम्हाला एक सांगते," ताई हळू आवाजात म्हणाल्या. "छापखान्यात एका डॉक्टरांचं पत्रक आलं होतं. त्यांनी कागदावर लिहिलं होतं, 'इथे वेळ टाका, मागाहून कळवतो.' अक्षरजुळणी करणाऱ्याने ते जसंच्या तसं जुळवलं. मी वाचलं आणि माझ्याही नजरेतून सुटलं. दोन हजार पत्रकं वाटली गेली. दवाखान्याची वेळ: इथे वेळ टाका, मागाहून कळवतो. तिथे सूचना मजकुरात गेली. इथे काकांचा मजकूर सूचनेत गेला. लिहिणाऱ्याचा दोष दोन्हीकडे नाही. दोन्हींच्या मध्ये भिंत ठेवायचं काम आपलं होतं."

"मग तुम्ही काय केलंत तेव्हा?"

"मालकांकडे गेले आणि सांगितलं, माझी नजर चुकली. ते ओरडले. मग चहा मागवला."

मी साहेबांच्या खोलीत गेलो. काय बोललो ते नीट आठवत नाही. एवढं आठवतं की मी हॅश आणि डॉलरवर बोलायला लागलो. हॅश घातला की वाक्यात त्या जागी फक्त एक प्रश्नचिन्ह जातं, माणसाचा मजकूर वेगळा पोचवला जातो आणि त्यात काहीही असलं तरी तो मजकूरच राहतो. डॉलर घातला की मजकूर थेट वाक्यात चिकटतो. साहेबांनी हात वर करून मला थांबवलं.

"चूक कुणाची, एका शब्दात?"

"माझी."

ते ओरडले. चहा मात्र मागवला नाही. पण परिपत्रक फाडलं आणि बाहेर येऊन सगळ्यांसमोर काकांना म्हणाले, "काका, मोजा हो, खुशाल मोजा." काकांनी त्याच दिवशी साहेबांच्या टेबलाची लांबी घेतली.

त्या अकरा डॉलरांचं पुढे काय झालं, तर ताईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांचे हॅश केले. डेटाबेसची आमच्याकडे एक खोटी प्रत होती, सराव करायला. तिच्यावर काकांना बसवलं आणि सांगितलं, "काका, आता वाटेल ते लिहा." काकांनी फूट, इंच, रेघा, अवतरणं, टक्के, अर्धविराम यांची नुसती बरसात केली. काहीही मोडेना. ताईंचा चेहरा फुलला.

मग काकांनी यादी तारखेनुसार लावायला घेतली आणि ओरडले, "अहो ताई, ही यादी दारू प्यायल्यासारखी आली!"

खरंच सगळ्या तारखा वर-खाली झाल्या होत्या. ताई गोऱ्यामोऱ्या झाल्या. आणि मग इतक्या दिवसांनी मी पहिल्यांदा माझ्या जुन्या सवयीचं कारण शोधत बसलो. तासाभराने सापडलं. प्रश्नचिन्हाच्या जागी फक्त मजकूर जाऊ शकतो, रकान्याचं नाव नाही. 'तारीख' हा रकाना न राहता 'तारीख' हा नुसता शब्द झाला होता, आणि एकाच शब्दानुसार सगळी यादी लावायची म्हणजे न लावल्यासारखंच.

"मग इथे डॉलरच लागणार?" ताईंनी जड मनाने विचारलं.

"लागेल. पण माणसाने टाइप केलेलं काही तिथे पोचू द्यायचं नाही. तीनच शब्द चालतील असं जावात ठरवून टाकू. तारीख, फडताळ, प्रकार. चौथं काही आलं तर गुपचूप तारीख धरायची."

ताईंनी ते लाल पेनने लिहून घेतलं आणि खाली माझं नाव घातलं. मला शाळेत बक्षीस मिळालं होतं तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं. शोधाच्या खिडकीत त्यांचा आणखी एकदा घोटाळा झाला. प्रश्नचिन्ह त्यांनी अवतरणांच्या आत ठेवलं होतं. तो मात्र त्यांनी माझ्याकडे न येता स्वतःच निस्तरला. "अवतरणात घातलं की त्याचं अक्षर होतं," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "एवढं मला कळायला हवं होतं."

एकदा काही कामाने त्यांच्या घरी गेलो होतो. पुढच्या खोलीत यजमान शिवणयंत्र उघडून बसलेले, त्यांचं दुरुस्तीचं काम. सासूबाई खिडकीशी. मी सहकारी म्हटल्यावर सासूबाईंनी मला बसवून घेतलं आणि विचारलं, "ही तिकडे करते तरी काय? विचारलं तर म्हणते, प्रश्नचिन्हं घालते. एवढ्यासाठी रोज डबा नेते?"

"आई, उत्तरं लोक घालतात," स्वयंपाकघरातून आवाज आला.

"मग तू नसलीस तरी चालेल की," सासूबाई म्हणाल्या. यजमान यंत्रात तोंड खुपसून हसत होते.

दोन वर्षांनी वरच्या कचेरीतून पत्र आलं. इतर शाखांच्या अभियंत्यांना हे सगळं ताईंनी शिकवावं. वीस जण जमले. ताईंनी पडदा वापरायला साफ नकार दिला, प्रत्येकाला छापील कागद वाटला आणि दीड तास असं काही शिकवलं की चहा येऊन निवला तरी कोणी उठलं नाही. काकांची काठी सांगितली तेव्हा लोक डोळे पुसत होते. माझं नाव घेतलं नाही. "आमच्याकडे एकदा झालं," एवढंच म्हणाल्या.

शेवटी विचारलं, कुणाला काही शंका? मागच्या रांगेत एक जण पूर्ण वेळ पेंगत होता, निदान मला तसं वाटलं होतं. त्याने हात वर केला.

"कागदावर मथळ्यात 'सुरक्षित' लिहिलंय ना, त्यात क्षला दुसरी वेलांटी पडलीय."

ताईंनी कागद वर धरला, चष्मा नीट केला आणि बघत राहिल्या. बावीस वर्षं छापखान्यात, दोन आमच्याकडे, आणि मथळ्यात सुरक्षीत. त्यांनी त्या माणसाचे आभार मानले आणि कागद घडी करून पिशवीत टाकला. परतीच्या बसमध्ये मी काहीतरी बोलायला गेलो तर म्हणाल्या, "थांबा जरा, राग येतोय मला."

दुसऱ्या दिवशीही डबा न उघडता परत नेला. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलाशी आल्या, हातात दुरुस्त केलेला मथळा.

"वीस जणांना पुन्हा पाठवायचाय. तुम्ही एकदा वाचता का आधी? हळू वाचा. पट्टी देऊ का?"

मी पट्टी घेतली.